डिकी उघडी ठेवून ऐकलेला बेस

आजचा विषय वाचून एक-दोघांनी येता येताच विचारलं, की गाडीतल्या वूफरवर व्याख्यान कशाला? आपण रागदारीवर बोलतो, चित्रपटसंगीतावर बोलतो, नाट्यगृहांतल्या आवाजावर तर तावातावाने बोलतो. पण बोरिवलीहून अंधेरीला किंवा मुलुंडहून अंधेरीला गाडीने जाणारा माणूस रोज तास-दीड तास ज्या खोलीत बसून गाणं ऐकतो, त्या खोलीबद्दल आपण काही बोलत नाही. ती खोली म्हणजे त्याची गाडी. उपनगरात कितीतरी जणांना निवांत ऐकायला मिळणारी तेवढी एकच जागा आहे. म्हणून ती आज जरा गंभीरपणे घेऊ.

सुरुवात दुकानापासून करू या. कुर्ला-कालिन्याच्या सीएसटी रोडवर जा, नाहीतर आपापल्या उपनगरातल्या ॲक्सेसरीजच्या दुकानात जा. वूफर घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो: सील्ड बॉक्स की पोर्टेड? आणि उत्तरही तिथेच तयार असतं. "सील्ड टाइट वाजतो, पोर्टेड जोरात वाजतो. तुम्हाला काय पाहिजे, भाऊ?" मग दोन्ही वाजवून दाखवतात. डिकी उघडी, दारं उघडी, आपण फुटपाथवर उभे. पोर्टेड छातीत धडकतो, सील्ड त्याच्यापुढे बापुडा वाटतो. आपण पोर्टेडचे पैसे मोजतो आणि घरी येतो.

आमचं म्हणणं असं, की या चाचणीत जे ऐकायला हवं नेमकं तेच ऐकू येत नाही. का, ते पाहू.

सील्ड पेटी म्हणजे सगळीकडून बंद पेटी. आतली हवा कोंडलेली असते आणि ती स्प्रिंगसारखी वागते. कोन आत गेला की ती त्याला बाहेर ढकलते, बाहेर गेला की परत ओढते. या स्प्रिंगचा मुद्दाम वापर करून एडगर व्हिलचर यांनी १९५४ साली अमेरिकेत एआर-१ हा घरगुती स्पीकर आणला. छोट्या पेटीतून खोल बेस निघतो हे तेव्हा लोकांना पटेना, इतका तो वेगळा होता.

पोर्टेड पेटीची कल्पना त्याहून जुनी. बेल लॅबोरेटरीजमधल्या आल्बर्ट थुरास यांना तिचं पेटंट १९३२ साली मिळालं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एक ठरावीक सूर निघतो, तेच तत्त्व. पेटीला नळी बसवायची. नळीतली हवा आणि पेटीतली हवा मिळून एका फ्रिक्वेन्सीला घुमतात. कोनची मागची बाजू, जी सील्डमध्ये वाया जाते, ती इथे कामाला लागते. ट्यूनिंगच्या आसपास ढोबळमानाने ३ डेसिबलची कमाई होते. ३ डेसिबल म्हणजे अर्ध्या ताकदीच्या ॲम्प्लिफायरवर तेवढाच आवाज. शिवाय त्या फ्रिक्वेन्सीला कोन फारसा हलत नाही, म्हणून तिथे विकृतीही कमी. पोर्टेडला "नुसता धांगडधिंगा" म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आम्हीही पूर्वी नाक मुरडायचो.

आता किंमत कुठे मोजावी लागते ते पाहा. सील्ड पेटीचा आवाज खाली उतरताना सप्तकामागे १२ डेसिबलने उतरतो. पोर्टेडचा ट्यूनिंगपर्यंत टिकतो, आणि त्याखाली सप्तकामागे २४ डेसिबलने कोसळतो. तिथे कोनला हवेचा आधारही उरत नाही. तो मोकाट हलतो आणि फिल्टर नसेल तर एक दिवस फाटतो. म्हणूनच पोर्टेडबरोबर सबसॉनिक फिल्टर लागतोच. दुकानात तो चालू करून दिलाय का, हे विचारून घ्या.

इथपर्यंतचं सगळं पेटीपुरतं खरं आहे. पण पेटी गाडीत ठेवली की ती एकटी राहत नाही. गाडीची केबिन ही तिसरी पेटी असते, आणि दुकानातल्या त्या वाक्यात तिचा पत्ताच नाही.

ध्वनीची लाट केबिनच्या लांबीच्या दुपटीहून मोठी झाली, की ती आत लाटेसारखी फिरत नाही. सगळी केबिन एकदम दाबली जाते आणि सुटते. छोट्या हॅचबॅकची आतली लांबी साधारण अडीच मीटर धरा. आपल्याकडच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर. ३५० भागिले ५, म्हणजे ७० हर्ट्झ. त्याच्या खाली केबिन स्वतःहून आवाज वाढवत नेते. पूर्ण बंद आणि कडक केबिन असेल तर सप्तकामागे १२ डेसिबल. प्रत्यक्षात दारांच्या फटी आणि लवचिक पत्रा यामुळे त्याहून कमी, पण वाढ असते हे नक्की.

आता बेरीज करा. सील्ड पेटी १२ ने उतरते, केबिन १२ पर्यंत चढते. दोघं मिळून रेषा जवळजवळ सपाट होते. फुटपाथवर बापुडा वाटलेला तोच सील्ड बॉक्स काचा बंद केल्यावर पार खालपर्यंत पोचतो. उलट, ४० हर्ट्झला ट्यून केलेली पोर्टेड पेटी तिथवर आधीच भरलेली असते. वर आदर्श केबिन त्या जागी सुमारे ९ ते १० डेसिबल घालते. तयार होतो तो एक डोंगर. मग गाणं कुठलंही लावा, बेस गिटारचा सगळ्यात खालचा ४१ हर्ट्झचा 'ई' आला की गाडी थरारते आणि त्याच्या शेजारचे सूर मागे पडतात. ढोलकीच्या धुमेवरची घिस्सा मारलेली थाप वरखाली सरकायला हवी, ती एकाच जागी "धूम" म्हणते. ट्यूनिंगजवळ पोर्टेडचा आवाज थांबायलाही जरा उशीर लावतो, म्हणून ठेका ओला वाटतो. "एकसुरी बेस" अशी जी तक्रार आपण ऐकतो, ती बहुतेक वेळा या बेरजेची आहे. दोष एकट्या नळीचा नाही.

आणि हे फुटपाथवर कळत नाही, कारण डिकी उघडली की तिसरी पेटी नाहीशी होते. जी गाडी आपण काचा बंद करून, एसी लावून चालवणार, तिचा निवाडा आपण ती उघडी ठेवून करतो.

इथे दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला असा, की सपाट रेषा घेऊन करायचं काय? चालत्या गाडीत टायर आणि इंजिनाची घरघर खालचे सूर गिळते, आणि माणसाचा कानही खालच्या सुरांना मुळात कमी दाद देतो. बरोबर आहे. गाडीत बेसला थोडा उठाव हवाच. पण तो रुंद हवा, एका सुराचा सुळका नको. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पोर्टेड पेटी मोठी करून ३० हर्ट्झच्या आसपास ट्यून करा आणि डीएसपीने डोंगर कापा. कमी ताकदीत, कमी विकृतीत तोच परिणाम मिळेल. हेही खरं आहे, आणि असं नीट जमवलेलं काम आम्ही ऐकलंय. त्याला नावं ठेवायला जागा नाही.

पण "नीट जमवलेलं" या शब्दांत सगळं आलं. नेव्हिल थील यांनी ऑस्ट्रेलियात १९६१ साली आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला या पेट्यांचं गणित मांडलं, तेव्हापासून वूफरच्या कागदावर ते आकडे छापलेले असतात. त्यातला 'एफएस' घ्या, त्याला 'क्यूईएस'ने भागा. ५०च्या आसपास किंवा खाली आलं तर वूफर सील्डकडे झुकतो, ९०-१०० च्या पुढे गेलं तर पोर्टेडकडे. ३० भागिले ०.६ म्हणजे ५०, झालं. एवढा भागाकार न करता तयार पोर्टेड खोक्यात हाताला लागेल तो वूफर बसवणं हा आपल्या बाजारातला खरा दोष आहे. सील्ड पेटीत दहा-पंधरा टक्क्यांची चूक पचून जाते. पोर्टेडमध्ये नळी थोडी आखूड झाली तरी ट्यूनिंग सरकतं, आणि नळी अरुंद असली तर ती वर फुसफुसते.

आता आपल्याकडच्या डिक्या. १२ इंची वूफरला सील्डमध्ये साधारण २५ ते ३५ लिटर पुरतात, पोर्टेडला ५० ते ७० लागतात. उपनगरात सीएनजीच्या गाड्या किती, हे तुम्हाला सांगायला नको. डिकीत टाकी बसल्यावर भाजीची पिशवी ठेवायची पंचाईत, तिथे ७० लिटरचं खोकं कुठे ठेवणार? त्यात आपला पावसाळा. एमडीएफला ओल लागली की तो फुगतो, सांधे सुटतात, आणि सील्ड पेटी नावापुरती सील्ड राहते. सोपी परीक्षा आहे. सिस्टीम बंद करून कोन तळहाताने हलकेच, समान दाबा. तो सावकाश परत आला तर पेटी हवाबंद आहे, पटकन आला तर कुठेतरी गळतीये.

शेवटचा मुद्दा गाडीबाहेरच्या माणसाचा. तो कधी दुकानात नसतो, पण व्यवहारात असतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ही मोजणी 'ए' मापात होते. 'ए' माप ४० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३५ डेसिबल वजा करतं. म्हणजे ९० डेसिबलचा शुद्ध ४० हर्ट्झ मीटरवर ५५ दिसतो. मीटर म्हणतो सगळं ठीक आहे, आणि पहिल्या मजल्यावरच्या खिडकीची काच थरथरत असते. भिंती वरचे सूर अडवतात, खालचे सोडतात. गाणं तुमचं, शब्द तुमचे, त्याच्या वाट्याला फक्त धप्-धप्. सील्ड घेतला म्हणजे शेजाऱ्याला झोप लागेल असं नाही, नॉबवर हात शेवटी आपलाच. पण एक सूर फुगवून वाजवणारी पेटी आपण निवडली, तर आवाज मोजण्याच्या याच आंधळ्या जागेत आपण जाऊन बसतो. कायद्याच्या मीटरला दिसत नाही म्हणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये ते योग्य ठरत नाही.

मग निवड कशी करायची? हॅचबॅक असेल, काचा बंद असतील, आणि अभंगापासून हिप-हॉपपर्यंत सगळंच ऐकत असाल तर सील्ड. वाचलेल्या पैशात दारांना डॅम्पिंग करून घ्या. एसयूव्ही मोठी असेल तर केबिनची मदत ५० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे उशिरा सुरू होते. ॲम्प्लिफायर लहान असेल आणि ऐकणं मुख्यतः इलेक्ट्रॉनिक असेल, तर त्या वूफरसाठीच बनवलेली, खाली ट्यून केलेली पोर्टेड पेटी घ्या. सेडानमध्ये डिकी आणि केबिन यांच्यामध्ये सीट येते, तिथे कागदावरचं गणित सोडा आणि बसून ऐका.

पण कुठलीही घ्या, ऐकायची एकच रीत. डिकी लावायची, काचा वर घ्यायच्या, ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं आणि तुम्हाला पाठ असलेलं गाणं लावायचं. बेसचे सूर एकेक करून मोजता आले, तर पैसे द्या. मग आवाज तेवढाच ठेवून खाली उतरा, दार लावा, दहा पावलं लांब जा आणि पुन्हा ऐका. तिथे उभा राहणारा माणूसही कधीतरी आपणच असतो.

प्रश्न असतील तर विचारा.