सूट आणि दर : इंदापूरच्या साऱ्याच्या निमित्ताने

करात सूट द्यावी की कराचा दर उतरवावा, आणि कशाने अर्थव्यवहारास अधिक चालना मिळते, हा वाद जुना आहे. त्यात उभय पक्षांचे आकडे भिन्न असतात, पण शब्द समान असतात. ‘सूट’ म्हणजे काय व ‘चालना’ कोणाच्या कोणत्या कृतीस, हे आधी निश्चित न केल्यामुळे हा वाद पुष्कळदा निष्फळ ठरतो. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्याचा एकोणिसाव्या शतकातील अनुभव या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

पेशवाईच्या अस्तानंतर रॉबर्ट कीथ प्रिंगल या मुलकी अधिकाऱ्याने १८२८ च्या सुमारास जी जमीनपाहणी केली, तिच्या मुळाशी रिकार्डोचा खंडसिद्धांत होता. शेतीचा खर्च वजा जाता उरणाऱ्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारने घ्यावे, असे प्रमाण त्याने ठरविले. सिद्धांत सुबक होता. परंतु निव्वळ उत्पन्नाचा अंदाजच चढा निघाला आणि धान्याचे भाव उतरले. कागदावरचा सारा वसूल होईना, म्हणून दरवर्षी सूट द्यावी लागली. दर चढा आणि सूट उदार, अशी ही व्यवस्था होती. वसूल झालेल्या रकमेकडेच पाहिले तर कुळावरील भार कमी झाला होता, असेही कोणी म्हणू शकेल. तरीही जमिनी पड पडत गेल्या.

याचे कारण सूट या संस्थेच्या रचनेत आहे. ‘सूट’ आणि ‘सुटी’ हे दोन्ही शब्द ‘सुटणे’ या क्रियापदापासून आलेले. बंधन आधी गृहीत धरलेले असते, आणि सोडणारा कोणी दुसरा असतो. इंदापूरच्या कुळाला पेरणीच्या वेळी सूट किती मिळेल हे ठाऊक नसे. ती पीक पाहून ठरे, आणि पाहणी कनिष्ठ नोकरांच्या हाती असे. त्यात लाचलुचपतीस किती वाव होता, हे निराळे सांगावयास नको. अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्याचे पीक बरे आले त्याची सूट गेली. एक बिघा अधिक नांगरणाऱ्यास त्या बिघ्यावर पूर्ण दराचा धोका पत्करावा लागे. सूट झालेल्या तोट्याची अंशतः भरपाई करीत होती. नव्या नांगरटीस तिचा उपयोग नव्हता.

१८३६ मध्ये गोल्डस्मिड व लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापुरात ही घडी मोडली. जमिनीची प्रत ठरवून सारा उतरविण्यात आला आणि तो तीस वर्षांसाठी कायम करण्यात आला. नको असलेला सर्व्हे नंबर सोडून देण्याची मुभाही कुळास राहिली. त्यानंतर लागवडीखालील क्षेत्र वाढले. १८४७ च्या संयुक्त अहवालाने पुढे हीच पद्धत मुंबई इलाख्याची पद्धत म्हणून रूढ केली.

कमी दराच्या कैवाऱ्यांना हा पुरावा निर्णायक वाटतो. तो तसा नाही. एक तर, यशाची नोंद करणारे अधिकारी त्याच व्यवस्थेचे कर्ते होते. शिवाय क्षेत्र वाढले म्हणजे उत्पन्न त्याच प्रमाणात वाढले असे होत नाही, कारण नव्याने नांगरलेली जमीन बहुधा हलकी असते. आणि या प्रयोगात एका वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या : दर उतरला आणि तीस वर्षांची निश्चिती आली. यांपैकी कशाने किती परिणाम साधला, हे इंदापूरवरून वेगळे काढता येत नाही. निश्चितीचा वाटा मोठा असावा, असे मात्र प्रिंगलच्या काळातील उलट अनुभवावरून दिसते.

आता उलट बाजूचा, आधुनिक पुरावा. २००८ मध्ये अमेरिकेत मंदीवर उपाय म्हणून कुटुंबांना एकरकमी रकमा पाठविण्यात आल्या. २००९ मध्ये पगारातून दरमहा कापला जाणारा कर थोडा उतरवून सवलत देण्यात आली. सॅम, शपिरो व स्लेमरॉड यांच्या २०१२ मधील निबंधानुसार, पहिल्या प्रकारात २५ टक्के कुटुंबांनी आपण ती रक्कम मुख्यतः खर्च केल्याचे सांगितले. दुसऱ्यात केवळ १३ टक्क्यांनी. फ्रीडमनने १९५७ मध्ये मांडलेल्या उपपत्तीप्रमाणे एकदाच मिळणारी रक्कम बव्हंशी शिल्लक पडावयास हवी. तेव्हा हा निष्कर्ष लक्षणीय होय. परंतु यावरून ‘सूट श्रेष्ठ’ असे म्हणणाऱ्यांचा तर्कही घसरतो. २००९ ची योजना म्हणजे कायम स्वरूपाची दरकपात नव्हेच. निराळी होती ती देण्याची रीत. आणि येथे मोजली गेली ती खरेदी. इंदापुरात मोजली गेली ती नांगरट. एकीत मागणी हलते, दुसरीत उत्पादनाचा निर्णय. दोहोंस ‘चालना’ म्हटल्याने त्या एका तराजूत तोलता येत नाहीत.

भारताच्या २०२५ च्या अर्थसंकल्पाने हा शब्दगोंधळ आणखी वाढविला. नव्या करप्रणालीत बारा लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर ६०,००० रुपयांची ‘रिबेट’ देऊन कर शून्यावर आणण्यात आला. ही रिबेट अमेरिकेप्रमाणे हातात पडणारी रक्कम नव्हे, की इंदापूरची मागाहूनची सूटही नव्हे. ती कायद्यात आधीच लिहिलेली असल्याने व्यवहारात दरासारखीच वागते. तिची कड मात्र जुन्या सुटीची आठवण करून देते. बारा लाखांवर उत्पन्न गेले की रिबेट नाहीशी होते, आणि सीमांत सवलतीमुळे सुमारे १२ लाख ७० हजारांपर्यंतचा प्रत्येक वाढीव रुपया करातच जातो. दर उतरवून तेवढाच महसूल सोडला असता तर ही कड उद्भवली नसती. पण मग लाभ वरच्या उत्पन्नांपर्यंतही पसरला असता.

कमी दराची बाजू मान्य केली तरी तिच्या एका उपसिद्धांताची चिकित्सा व्हावयास हवी. दर माफक असल्यावर चांगल्या वर्षांची बचत वाईट वर्षांना पुरेल आणि सूट अनावश्यक होईल, अशी संयुक्त अहवालाच्या पद्धतीची धारणा होती. सरासरीच्या हिशेबात ती बरोबर असेल. पण कोरडवाहू शेतकऱ्याजवळ ती बचत साठत नव्हती. सारा रोखीत व मुदतीत भरण्यासाठी तो सावकाराकडे जाई. इंदापूरची मुदत संपल्यावर १८६७ मध्ये कापसाच्या तेजीतील भाव जमेस धरून सारा बराच वाढविला गेला, आणि पुढे भाव कोसळले. १८९६-९७ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगाव माणसे पाठवून शेतकऱ्यांना सांगितले, ते सूट आणि तहकुबी मागण्याविषयीच. साठ वर्षांपूर्वी त्याच जिल्ह्यात जी सूट शेतीचा रोग मानून बाजूस सारली गेली होती, तीच आता दुष्काळी नियमांतील हक्क म्हणून मागितली जात होती.