शून्य नावाचा नोड

‘व्ही१ १ ० १२’

ओळ एवढीच. सर्किट सिम्युलेशन करताना आपण माउसने बॅटरीचं चिन्ह ओढून ठेवतो, खाली ग्राउंडच्या तीन उतरत्या रेघा जोडतो, आणि पडद्यामागे ही ओळ लिहिली जाते. पहिलं अक्षर जात सांगतं: व्ही, म्हणजे व्होल्टेजचा स्रोत. मग दोन टोकं, आधी धन, मग ऋण. शेवटी १२ व्होल्ट. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात गाड्यांच्या वायरिंगशी ज्याचा संबंध येतो, त्याने ती एकदा सावकाश वाचावी.

तिचा जीव मधल्या शून्यात आहे. ते शून्य म्हणजे नोडचं, म्हणजे जोडबिंदूचं, नाव. १ ऐवजी ‘बॅटरी’ लिहिलं तरी चालतं. ० मात्र एकाच जागेसाठी राखलेलं: ग्राउंडसाठी. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डोनाल्ड पीडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली लॉरेन्स नेगल यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला स्पाइस हे सर्किट सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर घडवलं, त्यातला हा दंडक. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पाचं मोफत ‘ईसिम’ आतून त्याच वंशातलं एनजीस्पाइस चालवतं, म्हणून तिथंही तोच.

चिंचवड स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर उंची लिहिलेली असते ती समुद्रसपाटीपासूनची. समुद्र वगळला तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही. व्होल्टेजचंही तसंच. ग्राउंड काढून टाकलं की नोडच्या समीकरणांतलं एक बाकीच्यांतूनच निघतं, उत्तरं अगणित होतात, आणि सॉफ्टवेअर ‘सिंग्युलर मॅट्रिक्स’ म्हणून थांबू शकतं. नवशिक्या त्या संदेशाने वैतागतो. मला त्यातला प्रामाणिकपणा आवडतो: कुठून मोजायचं ते सांगितलंच नाही, तर उत्तर खोटं देण्यापेक्षा न दिलेलं बरं.

आता १२. हा स्रोत आदर्श आहे. हजार अँपिअर ओढले तरी बाराचे बाराच. खरी बॅटरी अशी नसते, म्हणून जाणकार लगेच दुसरी ओळ लिहितो: ‘आर१ १ २ ०.०२’. अंतर्गत रोध, ०.०२ ओहम. स्टार्टरने २०० अँपिअर मागितले की ४ व्होल्ट आतच जिरतात, बाहेर ८ उरतात. सेल्फ मारताना हेडलाइट मंद होतो, तो या एका ओळीत दिसू लागतो.

पण खरं सौंदर्य मला ग्राउंडच्या चिन्हांत दिसतं. नकाशावर ती दहा ठिकाणी विखुरलेली असली तरी वायर न ओढताही सगळी एकच बिंदू असतात. गाडीतही बॅटरीची ऋण बाजू बॉडीला जोडलेली असते, आणि पत्र्यालाच परतीची वायर मानलं जातं. कागदावर दोन्ही सारखंच. प्रत्यक्षात मागच्या दिव्याचा ‘अर्थ’, म्हणजे ग्राउंडचा जोड, जिथं बोल्टने आवळलेला, तिथं दोन पावसाळ्यांत गंज चढतो. मेकॅनिक म्हणतो, ‘अर्थ खराब आहे.’ तेच सिम्युलेशनमध्ये सांगायचं तर दिव्याखालचं चिन्ह काढायचं आणि मध्ये १ ओहम घालायचा: ‘आर२ ७ ० १’. दिवा ७ ओहमचा धरला आणि त्याच्या वरच्या टोकाला पुरे १२ व्होल्ट मिळाले, तर दीड अँपिअर वाहतो, आणि ज्या टोकाला आपण इतके दिवस शून्य समजत होतो, त्याचं नाव आता ७ आहे आणि तिथं दीड व्होल्ट उभा आहे.