आधी नोंदणी, मग विचारणा

लोकांना ‘विचारलं’ असं सरकारला केव्हा म्हणता येतं, एवढाच प्रश्न आज घेऊ. उदाहरण केनियाचं आहे.

केनियाची २०१० ची राज्यघटना या बाबतीत स्पष्ट आहे. कलम १० मध्ये लोकसहभाग हे राष्ट्रीय मूल्य मानलंय, कलम ३१ मध्ये खासगीपणाचा हक्क दिलाय. तरीही २०१८ मध्ये ‘हुदुमा नंबा’ची, म्हणजे सेवा-क्रमांकाची, कायदेशीर वाट कुठून निघाली? अनेक कायद्यांतल्या फुटकळ दुरुस्त्या एकत्र बांधलेल्या एका विधेयकातून! त्या गाठोड्यात डीएनए आणि जीपीएस स्थान घेण्याची तरतूदही होती. २०१९ च्या मे अखेरीपर्यंत साडेतीन कोटींहून जास्त लोकांची नोंदणी झाली. माहिती संरक्षणाचा कायदा आला नोव्हेंबरमध्ये. घर भरून झाल्यावर कुलूप आणायला गेले, असं म्हणा.

नूबियन समाजाची संघटना आणि इतर काही संस्था उच्च न्यायालयात गेल्या. ब्रिटिशांनी सुदानातून सैनिक म्हणून आणलेल्यांचे हे वंशज. ओळखपत्रासाठी तेव्हा त्यांची जादा चौकशी होत असे. त्यांची भीती साधी होती: कागद नाही म्हणून नंबर नाही, नंबर नाही म्हणून सेवा नाही.

जानेवारी २०२० च्या निकालाने डीएनए आणि जीपीएसची तरतूद रद्द केली, आधी नियमांची नीट चौकट करा असंही बजावलं. हे उत्तमच. पण विधेयकावरचा लोकसहभाग न्यायालयाने पुरेसा मानला. माझा मतभेद इथे आहे.

जॉन लॉक मूक संमती मानतो. देशातल्या रस्त्यावरून चाललात, तरी तिथली सत्ता मान्य केलीत. ह्यूमने १७४८ मध्ये याला उत्तर दिलं. झोपेत जहाजावर आणलेल्या माणसाला, ‘नको असेल तर समुद्रात उडी मार’ म्हणायचं, आणि तो थांबला की त्याने कप्तान मान्य केला म्हणायचं? ज्या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर देताच येत नाही तो प्रश्न नव्हेच, ती नोटीस असते.

कोणी म्हणेल, सामान्य माणसाला बायोमेट्रिक तंत्र काय कळणार? अहो, तंत्र कळायची गरजच नाही. नंबर नसल्यामुळे कोणाचं काय अडेल, हे नूबियन म्हाताऱ्याला कुठल्याही अभियंत्यापेक्षा जास्त कळतं. लोकांना विचारायचं ते यासाठी. शिवाय संमती एकेकट्याची असते, तर व्यवस्था हवी की नको हा निर्णय सगळ्यांचा. अंगठा दिला म्हणजे मत दिलं, असं होत नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने हुदुमा कार्डाचं वाटप अवैध ठरवलं, कारण धोक्यांचं मूल्यमापन आधी केलंच नव्हतं. ‘आधी’ या शब्दाला शेवटी वजन आलं, पण माहिती घेऊन झाल्यावर.

आपण दुरून टाळ्या वाजवायला नकोत. आधारच्या निकालाची चर्चा नैरोबीच्या त्या खटल्यातही झाली. आपल्याकडे पहिले आधार क्रमांक २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत वाटले गेले. आधारचा कायदा झाला २०१६ मध्ये. सहा वर्षं! तेव्हा पुढच्या वेळी कोणी ‘हरकती व सूचना’ मागवल्या, तर मजकूर वाचण्याआधी तारीख बघा. काम सुरू व्हायच्या आधीची आहे की नंतरची?