सर्वज्ञ, सर्वशक्तिमान आणि एक 'च'

मागच्या वेळी आपण ईश्वराच्या अस्तित्वाच्या बाजूचे युक्तिवाद तपासले. आज विरुद्ध बाजूचा एक घेऊ. रिचर्ड डॉकिन्स यांच्या 'द गॉड डिल्यूजन' (२००६) या पुस्तकात तो जाता जाता येतो. ईश्वर सर्वज्ञ असेल, तर उद्या स्वतः काय करणार हे त्याला आजच ठाऊक आहे. म्हणजे त्याला बेत बदलता येत नाही. म्हणजे तो सर्वशक्तिमान नाही. झालं!

ऐकायला बिनतोड वाटतं. पण यातला 'च' बघा. 'ईश्वराला ठाऊक आहे, म्हणजे ते घडणारच.' हा 'च' कशाचा? ज्ञान आणि घटना यांच्या संबंधाचा, की घटनेचा? सहाव्या शतकात, कैदेत लिहिताना, बोएथियसनं हा भेद केला होता. एखादा माणूस चालतोय हे आपल्याला ठाऊक असेल, तर तो चालत असलाच पाहिजे. नाहीतर त्याला 'ठाऊक असणं' म्हणताच येणार नाही. पण म्हणून त्याला थांबणं अशक्य होतं का? नाही. तो थांबला असता, तर आपल्याला तसं दिसलं असतं, एवढंच. 'बदलणार नाही' आणि 'बदलू शकत नाही' यांतलं अंतर डॉकिन्स पुसून टाकतात.

मग प्रश्न संपला? तसं नाही. १९६५ मध्ये नेल्सन पाइक यांनी माणसाच्या स्वातंत्र्याबाबत तो जास्त काटेकोरपणे मांडला. तो ईश्वराच्या कृतीलाही लावता येतो. ज्ञान कालच झालेलं असेल, तर ते भूतकाळात जमा झालं, आणि भूतकाळ कोणाच्या हातात नसतो. यावर बोएथियसचं उत्तर असं, की ईश्वर काळाबाहेर आहे. त्याला 'काल' नाहीच.

आमच्या मते हे उत्तर टिकतं, पण त्याची किंमत पडते. बायबलमधल्या योनाच्या गोष्टीत निनवेचे लोक पश्चात्ताप करतात आणि देव नगराच्या नाशाचा बेत सोडतो. काळाबाहेरच्या ईश्वराचं मन असं वळेल कसं? अक्वायनस सांगतात, प्रार्थना त्याच्या योजनेत धरलेलीच असते. तर्काला तेवढं पुरतं. पण आजारी मुलाच्या उशाशी बसलेली आई योजनेशी बोलत नसते. निर्णय अजून व्हायचाय, असं धरून ती बोलत असते.

तेव्हा सर्वज्ञता आणि सर्वशक्तिमत्ता यांच्यात विसंगती सिद्ध होत नाही. खरा ताण आहे तो या दोन्ही गुणांचा, मन वळू शकणाऱ्या देवाशी. नास्तिकांनी आपला 'च' तपासावा. आणि आस्तिकांनी, वाद जिंकल्यावर, आपण नेमका कोणता देव वाचवला तेही बघावं.