रक्तातला विळा आणि पुस्तकातला मनू

दलित समीक्षेने कथा-कविता तपासल्या, महाकाव्येही सोडली नाहीत. शाळेतले विज्ञानाचे पुस्तक मात्र तिने आपल्या कक्षेबाहेरचे मानले. तिथे तरी मनू पोचणार नाही, हे आपण गृहीत धरले होते. हे गृहीतक आता टिकत नाही.

जानेवारी 2018 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत वैदिक संमेलनाच्या निमित्ताने केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विन चुकीचा ठरवला आणि अभ्यासक्रम बदलण्याची भाषा केली. माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला नाही, एवढेच त्यांचे प्रमाण. बाबासाहेबांच्या मिलिंद महाविद्यालयाच्या शहरात हे बोलले गेले. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी विरोध नोंदवला, आपण हसलो आणि विसरलो. मग 2023 साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातले ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ हे प्रकरण नुसते ‘आनुवंशिकता’ होऊन आले. मुलांवरचा भार कमी केला म्हणे! अठराशेहून अधिक वैज्ञानिक-शिक्षकांनी पत्र काढून निषेध केला. उत्क्रांती बारावीच्या जीवशास्त्रात आहे, हे त्यावरचे उत्तर. पण बारावीला जीवशास्त्र घेणारी आपली मुले किती?

वडशाला राहून मला हे दिल्लीतले भांडण वाटत नाही. गडचिरोली-चंद्रपूरच्या या जंगलपट्ट्यात सिकलसेल आहे. आदिवासींत आहे, आपल्या बौद्ध वस्त्यांतही आहे. हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदलते आणि रक्तपेशी विळ्यासारखी वाकते. पोराचे हातपाय असह्य दुखतात, घरचे ‘करणी’ म्हणतात आणि दवाखान्याआधी मांत्रिकाचे दार गाठतात. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला चारात एक धोका, एवढे आनुवंशिकता सांगते. पण हा दोष आमच्याच रक्तात का, याचे उत्तर ती एकटी देत नाही. ते उत्क्रांती देते. ॲलिसनने 1954 साली आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले की, एकच सदोष जनुक असलेल्या वाहकाला मलेरियापासून संरक्षण मिळते. म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे हे जनुक टिकले. जंगलात, डासांत जगलेल्या माणसांच्या तगण्याची ती खूण आहे. तिचा पापाशी संबंध नाही.

आणि पापाशी संबंध कोण जोडतो? मनुस्मृतीचा अकरावा अध्याय. सोने चोरणाऱ्याची नखे किडतात, ब्रह्महत्या करणाऱ्याला क्षय होतो. या जन्मीचे व्यंग म्हणजे मागल्या जन्माचे फळ. ज्या कर्मविपाकाने आम्हाला अस्पृश्य ठरवले, त्यानेच रोग्यालाही गुन्हेगार ठरवले. मे 2024 मध्ये महाराष्ट्राच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात याच ग्रंथाचा श्लोक आला. सोबत गीता आणि मनाचे श्लोक यांच्या पाठांतराची सूचना. श्लोक निरुपद्रवी आहे, वडीलधाऱ्यांना वंदन करा एवढेच सांगतो, असा बचाव झाला. प्रश्न श्लोकाचा नाहीच. ज्या ग्रंथाचे 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला दहन झाले, त्याला शाळेत प्रमाणाची जागा देण्याचा आहे. ओरड झाल्यावर मंत्र्यांनी मनुस्मृती येणार नाही असे सांगितले. ठीक. पण मसुदा लिहिणाऱ्या हाताला तो श्लोक सहज सुचला, याची मला जास्त धास्ती वाटते.

संविधानात 1976 पासून वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचे कर्तव्य आहे. सरकारी कचेरीत सत्यनारायण मात्र सुखेनैव चालतो. बालभारतीच्या 2018 च्या दहावीच्या पुस्तकात आनुवंशिकता आणि उत्क्रांती पहिल्याच प्रकरणात एकत्र आहेत. ते प्रकरण आपल्या किती शिक्षकांनी सिकलसेलशी जोडून शिकवले? आपल्या किती लेखकांनी वाचले?

आपल्या घरांतही सारे आलबेल नाही. त्रिशरण म्हणून लग्न लावणारी माणसे गुपचूप मुहूर्त काढून आणतात. जुलै 2023 मध्ये सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले, लग्नाआधी तपासणीचे कार्ड पाहा असे सांगितले गेले. सोयरीक जुळवताना हुंडा विचारतात, नोकरी विचारतात, जमीन विचारतात. रक्ताचा कागद मागितला की मुलीकडचे अपमान झाल्यासारखे उठून जातात.