खोलीभर अंतर

डिसेंबर लागला की बाल्टिमोरमधल्या काही अग्निशमन केंद्रांत बंबाशेजारच्या जागेत एक गाव वसतं. पांढरं शुभ्र हिमाचं मैदान, छोटं चर्च, दिवे लागलेली दुकानं आणि त्यांच्यामधून फिरणारी वीतभर उंचीचीही नसलेली आगगाडी. इथले लोक त्याला ‘ट्रेन गार्डन’ म्हणतात. जर्मनीहून आलेल्या कुटुंबांनी ख्रिसमसच्या झाडाखाली शेवाळ, दगड आणि लाकडी प्राणी मांडून येशूजन्माचा देखावा करायची रीत सोबत आणली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विजेवर चालणारी खेळण्यातली गाडी बाजारात आली, त्या देखाव्यात शिरली आणि तिथलीच होऊन गेली.

मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला साताऱ्याचं आमचं अंगण आठवलं. दिवाळीच्या सुट्टीत विटा, पोतं आणि चिखल यांचा किल्ला, अळीव पेरून उगवलेली हिरवळ आणि पायथ्याशी उभा मातीचा मावळा. मावळा बुरुजाहून उंच असायचा, आणि त्याचं आम्हांला कधी काही वाटलं नाही. मला ज्या कामाबद्दल लिहायचं आहे ते सुरू होतं तिथे, जिथे मावळ्याची उंची खटकायला लागते.

आमच्या तळघरात चार फूट बाय आठ फूट प्लायवूड आहे. वर्षभर त्यावर धूळ बसते. ख्रिसमसच्या आदल्या दिवसापासून नव्या वर्षापर्यंत ऑफिस बंद असतं, तेव्हा मी ती झटकून कामाला लागतो. माप एकास सत्त्याऐंशी. या मापात पावणेसहा फुटांचा माणूस दोन सेंटिमीटरचा होतो, आणि खऱ्या जगातला एक किलोमीटर साडेअकरा मीटर जागा मागतो. म्हणजे माझ्या आठ फुटांत मावतं जेमतेम दोनशे बारा मीटर अंतर. डेक्कन क्वीन या फळीवर उभी केली तर तिचे शेवटचे डबे हवेत लोंबकळतील. माणूस, डबा, इंजिन, घर, सगळं मापात बसतं. प्रवास मात्र बसत नाही. गाडी निघते आणि निघाल्या निघाल्या पोहोचते. दरवर्षी मी या भिंतीवर येऊन आदळतो आणि दरवर्षी एकच पुस्तक उघडतो, जॉन अ‍ॅलनच्या रेल्वेचं.

जॉन व्हिटबी अ‍ॅलन १९१३ साली मिझुरी राज्यात जन्मला. पेशाने तो छायाचित्रकार होता. दुसऱ्या महायुद्धानंतर तो कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथे राहायला गेला आणि तिथे घरात रेल्वे बांधू लागला. १९५३ पासून नव्या घराच्या तळघरात तिने शेवटचं आणि सर्वांत मोठं रूप घेतलं. तो १९७३ साली गेला, तोपर्यंत तिचं बांधकाम चालूच होतं. लिन वेस्टकॉट या संपादकाने तिच्यावर लिहिलेलं पुस्तक १९८१ साली, वेस्टकॉटच्या मृत्यूनंतर, निघालं. ते मी कवितेच्या पुस्तकासारखं वाचतो: एकेक पान, मागे-पुढे होत, बोटाने रूळ धरत.

पहिला शब्द वाचायचा तो रेल्वेचं नाव, ‘Gorre & Daphetid’. कागदावर ते दोन जुन्या घराण्यांची नावं जोडावीत तसं भारदस्त दिसतं. मोठ्याने म्हटलं की ऐकू येतं ‘गोरी अँड डिफीटेड’, म्हणजे रक्तबंबाळ आणि पराभूत. त्या रेल्वेवरच्या एका गावाचं नाव ‘कोल्ड शोल्डर’, म्हणजे तुटक वागणूक. दुसऱ्याचं ‘हेलेनगॉन’, जे इंग्रजीत ‘पार जगाच्या टोकाला’ असं ऐकू येतं. ही नुसती गंमत आहे असं मला वाटत नाही. नावांतच त्याने सांगून टाकलं आहे की ही कंपनी श्रीमंत नाही, तिचा मुलूख अवघड आहे आणि तिची गाडी जिथे जाते तिथे दुसरं कुणी जात नाही. गाडी दिसण्याआधीच आपल्याला तिची काळजी वाटू लागते.

आणि मग डोंगर. अ‍ॅलनच्या आधीही लोक रुळांमागे डोंगर ठेवत. तो बहुधा पडद्यासारखा असे, रुळांच्या पातळीवर सुरू होऊन पाठीमागे संपणारा. अ‍ॅलनने डोंगर जमिनीपासून उचलला आणि छताला भिडवला. रूळ त्याच्या कुशीत कुठेतरी मध्यावर. बघणारा दरीच्या आत उभा राहतो. त्याच्या गुडघ्याशी दरीचा तळ, डोळ्यांसमोर पूल आणि मान वर केल्यावर शिखर. पुलावरून जाणारी गाडी एवढीशी दिसते, आणि ती एवढीशी दिसते ती खेळणं म्हणून नाही. डोंगर मोठा आहे म्हणून.

मला इथे थोडं थांबायचं आहे, कारण या एका युक्तीत फार काही भरलेलं आहे. मापात बसवायच्या सगळ्या वस्तूंत फक्त डोंगराला ठरलेली उंची नसते. डबा सत्त्याऐंशी पटीने लहान करावाच लागतो, डोंगर किती लहान करायचा हे कुणीच सांगत नाही. बाकीचे जिथे काटकसर करत होते तिथे अ‍ॅलनने हात सैल सोडला. त्याचे कडे फार उभे आहेत, असा आक्षेप घेता येतो. खऱ्या अभियंत्याने त्यातल्या काही जागी रूळ नेलाच नसता, हे मलाही पटतं. पण सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला उभ्या कड्याचं नवल वाटत नाही. बोरघाटातली गाडी आठवून पाहा. कर्जत सुटलं की अंतर किती कापलं हे आपण मैलांत मोजत नाही, बोगद्यांत मोजतो. अंधार, उजेड, पुन्हा अंधार. प्रत्येक उजेडात दरी थोडी आणखी खाली गेलेली असते.

अ‍ॅलनने खोलीत अंतर निर्माण केलं ते नेमकं असंच, गाडी लपवून. रूळ एका वळणावर खडकामागे जातो आणि पुन्हा दिसतो तो वेगळ्या उंचीवर, वेगळ्या दिशेने, वेगळ्या गावाशी. मधला रूळ कदाचित चारच फुटांचा असेल. आपण मात्र तेवढ्या वेळात मनाने मैल दोन मैल भरून काढतो. जे दाखवलं नाही ते बघणाऱ्याने चालून जायचं. या वर्षी मी हेच करायला घेतलं आणि लगेच गणित आडवं आलं. बोरघाटाचा चढ एकास सदतीस, म्हणजे सदतीस फुटांमागे एक फूट. वरचा रूळ खालच्या रुळावरून न्यायचा तर मध्ये चार इंच तरी हवेत. चार गुणिले सदतीस, एकशे अठ्ठेचाळीस इंच. बारा फुटांहून जास्त नुसता चढ. माझी फळी आठ फुटांची. म्हणून चढ आडव्या बाजूने वळवून घेतला, अर्धा वरचा रूळ चढवला आणि अर्धा खालचा उतरवला. दोन संध्याकाळी फोमच्या पाचरी कापण्यात गेल्या. अ‍ॅलनच्या चित्रात जो रूळ सहज वर चढलेला दिसतो त्याच्या पोटात किती करवतकाम असेल, ते तेव्हा हाताला कळलं.

त्याने आरसेही लावले. पुलाच्या किंवा इमारतीच्या आड आरसा उभा करायचा, की गल्ली दुप्पट लांब होते. हे सांगायला सोपं आहे. आरशात पाटीवरची अक्षरं उलटी दिसतात, त्यामुळे त्याच्या समोर अक्षरं येता कामा नयेत. गाडी आरशाच्या दिशेने सरळ येऊ लागली तर तिच्यासमोर तिचंच भूत येतं. साध्या आरशाचा मुलामा काचेच्या मागच्या बाजूला असतो, म्हणून रस्ता आणि त्याचं प्रतिबिंब यांत काचेच्या जाडीमुळे फट राहते. पुढून मुलामा असलेला आरसा लावला तर ती जाते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, बघणाऱ्याला स्वतःचा चेहरा दिसला तर खेळ संपला. अंतर निर्माण करणाऱ्याला बघणारा कुठे उभा राहील हे आधी ठरवावं लागतं. अ‍ॅलन छायाचित्रकार होता याची खूण मला इथे सर्वांत स्पष्ट दिसते. वार्नी कंपनीच्या जाहिरातींसाठी तो आपल्या रेल्वेवर छायाचित्रं काढत असे. लहान वस्तूच्या जवळ कॅमेरा नेला की जवळचं स्पष्ट येतं आणि दूरचं पुसट होतं, किंवा उलट. त्याच्या चित्रांत जवळचा स्लीपर आणि दूरचा सुळका दोन्ही लख्ख असतात. ते पाहताना डोळा फसतो, कारण खऱ्या डोंगरासमोर डोळ्याला तसंच दिसतं.

अंतराइतकंच त्याने वय घडवलं. त्या काळात बहुतेक छंदी लोक आपली इंजिनं चकचकीत ठेवत. विकत घेतल्याचा किंवा स्वतः बनवल्याचा अभिमान त्या चकाकीत असे. अ‍ॅलनने गंज, काजळी, धूळ, उडालेला रंग यांना रंगांचं स्थान दिलं. आज या कामाला वेगळं नाव आहे, वेगळ्या बाटल्या मिळतात. त्याच्यासारख्यांनी ती वाट पाडली.

२७ तारखेला मी एक नवा लाल मालडबा घेऊन बसलो होतो. शाईचे दोन थेंब अल्कोहोलमध्ये मिसळून ब्रशने फिरवत होतो. धाकटी मुलगी शेजारी येऊन उभी राहिली.

“बाबा, नवा आहे ना? मग घाण का करतोस?”

“हा नवा नाही. तीस वर्षं चालतोय.”

तिने डबा हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि म्हणाली, “मग इथे चुकलंय. पाऊस वरून खाली येतो. तू आडवा ब्रश मारलायस.”

तिचं खरं होतं. मळालाही दिशा असते. पाणी रिबिटाच्या डोक्यापासून खाली ओघळतं, चाकांची धूळ डब्याच्या दोन टोकांना उडते, बोगद्याच्या कमानीवर काजळी मधोमध जमते, आणि दाराचं लाकूड जिथे हात लागतो तिथे उजळतं. मी डबा पुसला आणि पुन्हा सुरुवात केली, या वेळी उभे ओघळ. मग पुस्तक उघडून आम्ही दोघं अ‍ॅलनचे डबे बघत बसलो. तोपर्यंत मी ते ‘मळलेले’ म्हणून पाहत होतो. ती एकेका डागाला विचारत होती, तू आलास कुठून. एखाद्या ओळीतला प्रत्येक शब्द तिथेच का आहे हे विचारावं तसं. आणि जवळजवळ प्रत्येक डाग उत्तर देत होता.

इतकी काटेकोर खरेपणाची आस असलेल्या माणसाच्या रेल्वेत एक डायनासोर आहे. एमा. पाठीवर तबकड्या असलेला स्टेगोसॉरस, यार्डात डबे हलवायच्या कामावर ठेवलेला. काहींना हा रसभंग वाटतो. मला तो सगळ्या रचनेचा श्वास वाटतो. गंजाचा प्रत्येक ओघळ खरा आहे म्हणूनच एमा खरी वाटते. तिच्यावाचून ही रेल्वे एक निर्दोष प्रतिकृती झाली असती. तिच्यामुळे ते एक जग होतं, ज्याचे नियम त्याच्या निर्मात्याने ठरवले आणि स्वतः पाळले.

या जगात काम चाले. मित्र जमत आणि खऱ्या रेल्वेसारख्या शिस्तीत गाड्या चालवत. कुठला डबा कुठल्या गावी कशासाठी जातो याला कारण असे. पाच सांध्यांचं डबे लावायचं एक कोडंही अ‍ॅलनने रचलं, ‘टाइमसेव्हर’ नावाचं. ते १९७२ साली प्रसिद्ध झालं आणि आजही जगभर खेळलं जातं. गाडी नुसती गोल फिरली तर दुसऱ्या फेरीला कंटाळा येतो. तिला काम दिलं की तेच आठ फूट पुरेनासे होतात. हे मी अनुभवाने सांगतो आहे: दोन मालडबे साखर कारखान्याच्या फाट्यावर सोडून एक रिकामा उचलायचा, एवढ्यात परवा आमचा पाऊण तास गेला.

६ जानेवारी १९७३ रोजी, इथल्या पंचांगात ख्रिसमसचा मोसम संपतो त्या दिवशी, अ‍ॅलन हृदयविकाराने गेला. वयाच्या साठीच्या आत. त्यानंतर दहाच दिवसांनी त्या घराला आग लागली आणि रेल्वेचा बहुतेक भाग जळाला. आज मी जे वाचतो आहे ती त्याने आणि त्याच्या मित्रांनी काढलेली छायाचित्रं आहेत. हे पान दरवेळी जड जातं. वीस वर्षं हाताने घडवलेला डोंगर, आणि त्याच्या पोटातला तो न दिसणारा सगळा रूळ.

पण त्या रेल्वेची एक गोष्ट मी या सुट्टीत पहिल्यांदा नीट पाहिली. १९४० च्या दशकात अ‍ॅलनने बांधलेली पहिली रेल्वे एका टेबलाएवढी होती. पुढे तळघरभर डोंगर उभे राहिले तेव्हा त्याने ती मोडली नाही. उचलून नव्या रेल्वेत बसवली. नकाशावर बोट ठेवलं तर ती सापडते. मोठ्या मार्गात एक जुना, लहान, घट्ट वळणांचा तुकडा. नंतरचे रूळ त्याच्याशी जुळवून घेत गेले आहेत.

आमच्याकडे गॅरेजमध्ये एक हिरवी फळी उभी होती. धाकटी तीन वर्षांची असताना झाडाखाली मांडलेली, अंडाकृती रूळ, कागदाचं स्टेशन, तिने क्रेयॉनने काढलेला रस्ता. ३० तारखेला ती खाली आणली. मोठ्या फळीची कड तेवढ्या भागात कापली, खालून दोन पट्ट्या ठोकल्या, उंची जुळवायला पुठ्ठ्याचे तीन थर घातले. जुने रूळ पितळी, नवे निकेल-सिल्व्हरचे. पितळ काळं पडलं होतं ते खोडरबराने घासलं. क्रेयॉनचा रस्ता तसाच ठेवला. त्यावरची मोटार रस्त्यापेक्षा रुंद आहे.

जोडपट्टी सरकवून धाकटीने रूळ जोडले आणि मी सोल्डर केलं. मग तिने लाल डबा लावून गाडी सोडली. बोगद्यातून बाहेर येऊन इंजिन सांध्यावरून गेलं, एकदा खट्ट वाजलं, मग डब्याचं खट्ट, आणि गाडी हिरव्या फळीवर आली.