तसबिरीतली तसबीर

विदर्भातल्या शेतकरी आत्महत्येच्या बातमीसोबतचा फोटो कसा असेल, हे आता न बघताही सांगता येतं. सारवलेली ओसरी, मागे पोपडे आलेली भिंत, डोक्यावर पदर घेतलेली बाई आणि तिच्या मांडीवर नवऱ्याची तसबीर. ती तसबीरही बहुधा कसल्याशा ओळखपत्रावरच्या फोटोवरून तालुक्याच्या स्टुडिओत मोठी करून घेतलेली. एरवी भिंतीवरची तसबीर अशी मांडीवर घेऊन कोण बसतं? "जरा खाली काढता का?" असं कुणीतरी म्हटलेलं असतं. पहिल्यांदा ज्याला हे सुचलं, त्याला खरंच काही दिसलं होतं: गेलेला आणि मागे राहिलेली, एकाच चौकटीत. पुढे त्याचा साचा झाला.

साचा मी एकवेळ सोडून देईन. पण त्या बाईचा पेच तसबिरीत नसतोच, तो कागदांत असतो. आत्महत्या 'पात्र' ठरली तर एक लाखाची मदत, त्यातले 30 हजार हाती आणि 70 हजार ठेवीत. 'अपात्र' ठरली तर हात रिकामे. जमीन सासऱ्याच्या नावावर, सातबाऱ्यावर हिचं नाव चढता चढत नाही, आणि सावकाराच्या कर्जाला पावती नाही. हे सगळं तहसीलच्या खेपांमध्ये वर्षानुवर्षं चालतं. फोटोवाला मात्र दहाव्या-बाराव्यालाच येऊन गेलेला असतो.

आपल्याकडच्या माहितीपर छायाचित्रणाचं दुखणं मला इथे दिसतं. घटना टिपण्यात ही कला तरबेज आहे. घटना उलटल्यावर उरतं ते टिपायचं कसं, हे तिला क्वचितच उमगलंय.

भोपाळच घ्या. 1984च्या डिसेंबरमध्ये वायू पसरला, त्यानंतर रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही एकाच बाळाच्या दफनाचं छायाचित्र घेतलं. रायांचं कृष्णधवल, बार्थोलोम्यूंचं रंगीत. रंगीत चित्राला वर्ल्ड प्रेस फोटोचा त्या वर्षीचा सर्वोच्च मान मिळाला. मातीतून वर आलेला तो चेहरा आणि उघडे डोळे एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. बाळ अनामिकच राहिलं. पण राय पुढे, 2002च्या आसपास, ग्रीनपीससाठी पुन्हा भोपाळला गेले आणि जगलेल्यांची छायाचित्रं घेऊन आले. त्यातलं एक तरी चित्र चटकन डोळ्यांसमोर येतं का? माझ्या येत नाही. खोकला फोटोत दिसत नाही. अठरा वर्षं मंदावत गेलेली नजरही दिसत नाही. रायांसारखा डोळा असूनही ही अडचण सुटत नाही, कारण त्यांची सगळी ताकद क्षण पकडण्यात आणि या दुखण्याला क्षणच नाही.

मग कुणाला जमलं? मला दोन नावं घ्यावीशी वाटतात.

पहिलं सुधारक ओलवे यांचं. अकोल्याचा हा माणूस मुंबईत वृत्तपत्र-छायाचित्रकार झाला आणि महापालिकेच्या सफाई कामगारांच्या मागे लागला. 2016मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांचं नाव अनेकांनी पहिल्यांदा ऐकलं, काम त्याच्या कितीतरी आधीचं. मॅनहोलमधून गळ्यापर्यंत वर आलेला माणूस हे त्यांचं गाजलेलं दृश्य. ते थरकाप उडवतं, पण खरं सांगायचं तर असा फोटो दुसराही कुणी काढू शकला असता. त्या कामाचं मोल वेगळ्या ठिकाणी आहे. ओलवे कामगारासोबत त्याच्या घरापर्यंत गेले. तिथे कळतं की वास सहन व्हावा म्हणून सुरू झालेली दारू आता घर पोखरतेय. बाप गेला की लाड-पागे समितीच्या शिफारशीप्रमाणे वारसाला नोकरी मिळते, म्हणून विधवा किंवा मुलगा तोच झाडू हातात घेतो. अनुकंपा म्हणून मिळणारी नोकरी, आणि तीच पिढ्यान् पिढ्या जातीला बांधून ठेवणारी. ही गोष्ट एका फोटोत मावत नाही, मालिकेत हळूहळू उकलते. या मालिकेत मला एक गोष्ट मात्र खुपते. कृष्णधवल रंगाचा देखणेपणा कधीकधी घाणीवरही चढतो. गाळाला रुपेरी चमक येते आणि बघणारा नकळत रचनेला दाद देऊन बसतो.

दुसरं नाव सोहराब हुरा. 2005च्या सुमारास हा तरुण रोजगार हमीच्या कायद्यासाठी उत्तर भारतात फिरणाऱ्या यात्रेबरोबर होता. (आपल्याकडे हमीची कामं 1972च्या दुष्काळापासून ओळखीची, बाकी देशाला त्यासाठी यात्रा काढावी लागली.) पुढे खानदेशाला लागून असलेल्या बडवानी जिल्ह्यातल्या पाटी भागातही त्याने काम केलं. दुसऱ्यांच्या भुकेचे फोटो काढणाऱ्या या मुलाच्या स्वतःच्या घराचं दार मात्र बंद होतं. 1999मध्ये आईला स्किझोफ्रेनियाचं निदान झालं होतं. पुढे त्याने कॅमेरा त्या घरात वळवला. 2015मध्ये त्याचं पुस्तक आलं 'लाइफ इज एल्सव्हेअर'. त्यात आई आहे, तिची कुत्री एल्सा आहे, भिंती आहेत आणि हाताने लिहिलेल्या ओळी आहेत. आजार कुठेही 'दाखवलेला' नाही. आई कुत्रीला बिलगून पडलेली दिसते आणि आपण दाराआडून बघतोय असं वाटून ओशाळायला होतं. 2018च्या पुढच्या पुस्तकात तेच घर रंगात येतं आणि आई हसते. तिथे पोचायला त्याला वर्षं लागली. बातमीच्या मुदतीत हे होणारं नव्हतंच.

दानिश सिद्दीकी यांना मी या दोघांत धरत नाही, पण त्यांना टाळताही येत नाही. रोहिंग्यांवरच्या रॉयटर्सच्या कामासाठी 2018चं पुलित्झर, जुलै 2021मध्ये कंदाहार प्रांतात मृत्यू आणि कोविडच्या छायाचित्रांसाठी 2022मध्ये मरणोत्तर पुन्हा पुलित्झर. दिल्लीतल्या चितांची त्यांची ड्रोनने वरून घेतलेली दृश्यं जगभर गेली आणि घरच्यांच्या खासगीपणाचं काय, असा वादही पेटला. त्या वादातले काही आवाज मृतांपेक्षा देशाच्या अब्रूची काळजी करणारे होते, तरी प्रश्न खोटा नव्हता. मला त्यांचं दुसरं चित्र जास्त जवळचं वाटतं. दिल्लीच्या रुग्णालयात एकाच खाटेवर ऑक्सिजनचे मास्क लावलेले दोन रुग्ण, एकमेकांना चिकटून. हे ड्रोनला दिसलं नसतं, त्यासाठी वॉर्डात उभं राहावं लागतं.

कोविडच्या त्याच महिन्यांत आणखीही चित्रण होत होतं. स्मशानात जायची परवानगी एखाद्-दुसऱ्यालाच, मग तो व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल लावायचा आणि पुण्या-मुंबईतली, दुबईतली, न्यू जर्सीतली माणसं अंत्यदर्शन घ्यायची. कुणी त्याचं रेकॉर्डिंग ठेवलं, कुणी फोटो. हात हलतोय, अर्ध्या चौकटीत पीपीई घातलेला कर्मचारी, मध्येच रेंज गेलेली. कित्येक घरांत ते अजून फोनमध्ये आहे. कुणी उघडून बघत नाही, पण फोन बदलला की ते नव्या फोनमध्ये घेतलं जातं.